वाचक विचारतात : पोलिश भाषेत वय सांगताना

या वेळी पोलिश भाषेविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पोलिश शब्द देवनागरीत लिहिताना उच्चाराच्या शक्य तितके जवळ जाण्याचा प्रयत्न केला आहे. मात्र पोलिशमधला ‘आ’ आपल्या ‘आ’पेक्षा आखूड असतो आणि आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, एवढे वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी लवकरच व्रोत्स्वाफला जाणार आहे आणि सध्या पोलिशची शिकवणी घेत आहे. ‘मी तीस वर्षांचा आहे’ याचे सरळ भाषांतर करून मी ‘येस्तेम त्शिजेश्ची लात’ असे म्हटले, तेव्हा बाई हसल्या. माझे चुकले काय? (एक अभियंता, पुणे)

आपले शब्द बरोबर होते, क्रियापद चुकले. ‘येस्तेम’ म्हणजे ‘मी आहे’. पोलिश माणूस तीस वर्षांचा ‘असत’ नाही, त्याच्यापाशी तीस वर्षे असतात. म्हणून वाक्य होते ‘माम त्शिजेश्ची लात’. यातले क्रियापद ‘म्येच’, म्हणजे बाळगणे किंवा जवळ असणे. त्याची रूपे अशी : मी ‘माम’, तू ‘माश’, तो किंवा ती ‘मा’, आम्ही ‘मामी’, तुम्ही ‘माच्ये’, ते ‘मायों’. प्रश्न विचारायचा तो ‘इले माश लात?’ म्हणजे शब्दशः ‘किती आहेत तुझ्यापाशी वर्षे?’

मराठी माणसाला हे क्रियापद अवघड जाते, कारण त्याला जुळेल असे एकच क्रियापद आपल्याकडे नाही. आपण म्हणतो : मला दोन मुले आहेत, माझ्याकडे सायकल आहे, माझ्या अंगात ताप आहे. तीन वाक्यांत तीन तऱ्हा. पोलिशमध्ये तिन्ही ठिकाणी ‘माम’ चालते आणि वयही त्याच खिशात जाऊन बसते. सायकल, ताप आणि तीस वर्षे यांचा हिशेब एकाच वहीत मांडणारी भाषा असे मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगतो, आणि मग ही चूक सहसा पुन्हा होत नाही.

भूतकाळात हे क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग दाखवते. पुरुष ‘म्यावेम’ म्हणेल, स्त्री ‘म्यावाम’. आपल्या ‘होतो’ आणि ‘होते’ यांच्यासारखाच हा भेद असल्यामुळे त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पुढच्या वाढदिवसाविषयी बोलायचे असेल तर ‘पूर्ण करणे’ या अर्थाचे क्रियापद वापरतात : ‘व मार्त्सु स्कोंचें त्शिजेश्ची येदेन लात’, म्हणजे ‘मार्चमध्ये मी एकतीस वर्षे पूर्ण करीन’. आपणही ‘तीस पूर्ण झाली’ म्हणतोच, तेव्हा हा प्रयोग आपल्या जिभेवर चटकन बसेल. ‘येस्तेम’ वापरण्याचाच आग्रह असेल तर त्यापुढे वर्षांची संख्या न ठेवता ‘तीसवर्षीय माणूस’ या अर्थाचे नाम ठेवावे लागते : ‘येस्तेम त्शिजेस्तोलात्क्येम’. हे शुद्ध आहे, पण ओळख करून देताना असे बोलणे जरा वर्तमानपत्री वाटते.

प्रश्न : ‘वर्ष’ या एका शब्दासाठी मला ‘रोक’, ‘लाता’ आणि ‘लात’ असे तीन शब्द शिकवले गेले. बावीस वर्षे ‘लाता’, पंचवीस वर्षे ‘लात’, आणि बारा वर्षे पुन्हा ‘लात’. यामागे काही तर्क आहे, की नुसते पाठ करायचे? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

तर्क आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे; पण आधी नियम सांगून टाकतो. एकच वर्ष असेल तर ‘रोक’. दोन, तीन, चार यांना ‘लाता’. पाचपासून एकवीसपर्यंत ‘लात’. पुढे संख्येचा शेवट दोन, तीन किंवा चारने होत असेल तर पुन्हा ‘लाता’, इतर सर्व ठिकाणी ‘लात’. म्हणून बावीस, तेवीस, चोवीस ‘लाता’ आणि पंचवीस ‘लात’. बत्तीस ‘लाता’ आणि चाळीस ‘लात’. बारा, तेरा आणि चौदा यांच्या पोलिश नावांचा शेवट दोन, तीन, चार या शब्दांनी होत नाही (बारा म्हणजे ‘द्वानाश्च्ये’), त्यामुळे ते पाचाच्या पंक्तीला बसतात. मराठी विद्यार्थी हमखास अडखळतो तो एकवीसवर. ‘द्वाजेश्चा येदेन’ यातला ‘येदेन’ म्हणजे एक, म्हणून तो ‘रोक’ लावू पाहतो. ‘रोक’ फक्त एकट्या एकाला लागते. एकवीस, एकतीस, एकशे एक, सगळीकडे ‘लात’च.

आता कारण. स्लाव भाषांच्या जुन्या अवस्थेत दोन, तीन, चार हे शब्द विशेषणांसारखे वागत, तर पाच आणि त्यापुढच्या संख्या स्वतःच नामे होत्या. म्हणजे ‘पाच वर्षे’ असे न म्हणता ‘वर्षांचे पंचक’ अशा धर्तीवर बोलले जाई आणि मोजलेली वस्तू षष्ठीच्या अनेकवचनात जाई. ‘लात’ हे ते षष्ठीचे रूप. ‘शेकडा’ किंवा ‘डझन’ मनात आणले की हे पटते. ‘आंब्यांचा डझन’ म्हणताना आंबे आपल्याकडेही षष्ठीतच जातात.

पण मुळात ‘रोक’चे अनेकवचन ‘लाता’ का व्हावे? तो शब्द भलतीकडूनच आला आहे. ‘लातो’ म्हणजे उन्हाळा. थंड प्रदेशातल्या माणसाने वर्षे मोजली ती उन्हाळ्यांनी, आणि पोलिश माणूस आजही ‘माझ्यापाशी तीस उन्हाळे आहेत’ असेच व्याकरणाच्या हिशेबाने बोलतो, जरी बोलताना उन्हाळा त्याच्या मनातही नसतो. रशियनमध्येही वर्षाचा शब्द वेगळा आणि पाचपुढच्या मोजणीचा शब्द उन्हाळ्याच्या कुळातला, अशीच जोडी आहे. आपण मराठी लोकांनी याचे नवल करू नये. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिले आहेत’ हे वाक्य ज्या भाषेत वडीलधारी माणसे अजून ऐकवतात, त्या भाषेत ‘वर्ष’ हा शब्दच पावसाच्या ‘वर्षा’चा सख्खा नातेवाईक आहे, आणि शंभर शरद ऋतू जगण्याची वैदिक प्रार्थना तर सर्वांना ठाऊक आहे. ज्या ऋतूची वाट पाहायची त्याने आयुष्य मोजायचे, असा हा प्रकार दिसतो. त्यांनी उन्हाची वाट पाहिली, आपण पावसाची.

संख्यांविषयीही एक दिलासा देण्यासारखा आहे. ‘द्वा’, ‘त्शी’, ‘च्तेरी’, ‘जेश्येंच’, ‘स्तो’ यांच्याशेजारी आपले द्वि, त्रि, चतुर्, दश, शत ठेवून पाहावेत. ही दूरची भावंडे आहेत आणि एकदा चेहरा ओळखला की नावे विसरत नाहीत.

सरावासाठी कोष्टक पाठ करण्यापेक्षा ओळखीच्या माणसांची वये घ्यावीत, असे माझे मत आहे. विस्वावा शिंबोर्स्का यांना १९९६ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांच्यापाशी ‘श्येदेमजेश्योंत त्शी लाता’ होती, म्हणजे त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. शेवटी तीन, म्हणून ‘लाता’. संगीतकार शोपँ १८४९ मध्ये पॅरिसला वारला तेव्हा त्याचे वय ‘त्शिजेश्ची जेव्येंच लात’, एकोणचाळीस; शेवटी नऊ, म्हणून ‘लात’. ‘अमुक वयात’ असे म्हणायचे झाले की मात्र सारा भेद मिटतो. तेव्हा ‘व व्येकु’ असे म्हणून पुढे संख्या षष्ठीत घालतात, आणि दोनापासून पुढे कोणतीही संख्या असली तरी ‘लात’च येते. मारिया स्क्वोदोव्स्का-क्युरी १९३४ मध्ये सहासष्टाव्या वर्षी नव्हे, तर सहासष्ट पूर्ण केल्यानंतर वारल्या : ‘व व्येकु शेझ्जेश्येंचू शेश्चू लात’. यातल्या ‘व्येक’ शब्दाचा आणखी एक अर्थ ‘शतक’ असा आहे, तेव्हा इतिहासाचे पुस्तक वाचताना गोंधळू नये.

जाता जाता : ‘लात’ या शब्दाला वर्गात हसू येणारच, आणि आदरार्थी ‘पान’ (श्रीयुत) व ‘पानी’ (श्रीमती) यांनाही. ‘इले पानी मा लात?’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकून न हसलेला मराठी विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. हसून घ्यावे. हसलेले वाक्य लक्षात राहते.

प्रश्न : आमच्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. त्या कुटुंबांतील लोक अजूनही कधी कधी तो परिसर पाहायला येतात. त्यांतील वृद्धांना वय कसे विचारावे आणि वाढदिवस असल्यास काय म्हणावे? (एक वाचक, कोल्हापूर)

वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती. तेव्हा वयाचा विषय तेथे सहज निघणार हे खरे. व्याकरणाचे उत्तर सोपे आहे. पुरुषाला ‘इले पान मा लात?’ आणि स्त्रीला ‘इले पानी मा लात?’ असे विचारावे. येथे ‘माश’ नव्हे, ‘मा’. पोलिशमध्ये आदर द्यायचा तर समोरच्या माणसाशी तृतीय पुरुषात बोलतात, जणू आपण दुसऱ्याच कोणाविषयी विचारत आहोत. आपल्या ‘आपण’ किंवा ‘अहो-जाहो’पेक्षा ही वाट वेगळी असली तरी हेतू तोच आहे.

मात्र माझा सल्ला असा की, विचारू नये. पोलंडमध्ये अनोळखी माणसाला, त्यातून स्त्रीला, थेट वय विचारणे असभ्य मानतात. आपल्याकडे समोरच्याला दादा म्हणावे की काका, ताई म्हणावे की मावशी, हे ठरवण्यासाठी आपण वयाची चौकशी निःसंकोच करतो आणि तीत कोणाला काही वाटत नाही. पोलिश समाजात परक्या प्रौढ माणसासाठी ‘पान’ आणि ‘पानी’ हे दोनच शब्द पुरतात. तो वीस वर्षांनी लहान असला तरीही. आईवडिलांच्या मित्रमैत्रिणींना मुले ‘वुयेक’ (काका, मामा) आणि ‘चोचा’ (मावशी, आत्या) म्हणतात, पण ते घरोब्याच्या वर्तुळात. परक्या वृद्धेला प्रेमाने ‘बाबचा’ म्हणजे ‘आजी’ म्हणायला जाल तर आपल्याकडे जे आपुलकीचे ठरेल ते त्यांना खटकण्याचा संभव आहे. तेव्हा ‘छावणीत होता तेव्हा आपण किती वर्षांचे होतात?’ असे भूतकाळात विचारावे. बालपणाचे वय सांगायला कोणी कुरकुर करत नाही, आणि सध्याचे वय आपोआप कळते.

वयाचा आणखी एक संबंध संबोधनाशी आहे. ‘पान’वरून ‘ति’वर, म्हणजे एकेरीवर येण्याचा प्रस्ताव बहुधा वयाने मोठ्या व्यक्तीने मांडायचा असतो. आपल्याकडे धाकटा म्हणतो, ‘मला अहो-जाहो करू नका’, आणि स्वतः मात्र थोरल्याला ‘अहो’च म्हणत राहतो. पोलिशमध्ये तसे एकतर्फी होत नाही. प्रस्ताव स्वीकारला की दोघेही एकमेकांना एकेरीत बोलावतात आणि नावानेच हाक मारतात. सत्तरीतल्या माणसाला नावाने हाक मारताना मराठी माणसाची जीभ अडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. पण मोठ्याने देऊ केलेले एकेरी नाकारणे हे तेथे आदराचे लक्षण समजले जात नाही, अंतर राखल्याचे समजले जाते.

वृद्धांविषयी बोलताना ‘स्तारी’ म्हणजे ‘म्हातारा’ हे विशेषण टाळावे आणि त्याचे तुलनावाचक रूप ‘स्तार्शी’ वापरावे. ‘स्तार्शा पानी’ म्हणजे शब्दशः ‘अधिक वयाच्या बाई’, पण कोणापेक्षा अधिक ते सांगितले नसल्यामुळे शब्द सौम्य होतो. व्याकरणाच्या पायरीने वरचे रूप अर्थाने मात्र खालच्या पट्टीतले, अशी ही गंमत आहे. २०१५ सालच्या पोलिश कायद्यातही साठ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला याच विशेषणाने संबोधले आहे.

वाढदिवसाला म्हणायचे ते ‘स्तो लात!’ म्हणजे ‘शंभर वर्षे!’ हेच शब्द असलेले छोटे गीत प्रत्येक समारंभात सगळे उभे राहून म्हणतात. आपल्या ‘शतायुषी व्हा’ची ही सख्खी बहीण. ज्याने शंभरी गाठली आहे त्याला याच शब्दांनी शुभेच्छा देणे अडचणीचे होते, म्हणून त्याच्यासाठी ‘द्व्येश्च्ये लात’, दोनशे वर्षे, असा पाठभेद करतात. शिवाय पोलंडमध्ये ‘उरोजिनी’ म्हणजे वाढदिवसाइतकाच, आणि जुन्या पिढीत त्याहून अधिक, ‘इम्येनिनी’ म्हणजे नावाचा दिवस साजरा करतात. दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेला काही नावे छापलेली असतात. ४ डिसेंबर हा सगळ्या बार्बारांचा. त्या दिवशी फुले द्यावीत, गोड खावे, आणि मेणबत्त्या मोजण्याचा प्रश्नच येत नाही. वय न विचारता अभीष्टचिंतन करण्याची याहून सोयीची रीत मला माहीत नाही.

प्रश्न : सरकारी अर्जात वय लिहिताना चालू वर्ष धरायचे की पूर्ण झालेले? (एक वाचक, ठाणे)

पूर्ण झालेले. ‘उकोंचोने’ हा शब्द दिसला की तो पूर्ण वर्षांविषयी आहे असे समजावे. ‘रोक झिचा’ म्हणजे ‘आयुष्याचे वर्ष’ हा शब्दप्रयोग मात्र नीट वाचावा. एखाद्याचे अठरावे ‘रोक झिचा’ चालू असेल तर तो सतराच वर्षांचा असतो आणि ते ‘पूर्ण’ केल्यावर अठराचा होतो. ‘सोळावे लागले’ आणि ‘सोळा पूर्ण झाली’ यांतला फरक ज्याला कळतो त्याला हेही कळेल. सज्ञान व्यक्तीला ‘पेव्नोलेत्नी’, म्हणजे पूर्ण वर्षांची, असेच म्हणतात.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा वय विचारलेच जाणार नाही, कारण ते आपल्या ‘पेसेल’ म्हणजे पोलिश सरकारी ओळख क्रमांकात आधीच लिहिलेले असते. रीतसर नोंदणी केलेल्या परदेशी रहिवाशालाही मिळणाऱ्या या अकरा अंकी क्रमांकाचे पहिले सहा अंक म्हणजे जन्माचे वर्ष, महिना आणि दिवस. ५ मार्च १९९८ रोजी जन्मलेल्याचा क्रमांक ९८०३०५ ने सुरू होतो. शतक कळावे म्हणून २००० पासून जन्मलेल्यांच्या महिन्यात वीस मिळवतात. म्हणजे ५ मार्च २००३ चा जन्म असेल तर ०३२३०५. आपल्या क्रमांकात तेविसावा महिना दिसला तर छपाईची चूक समजून कार्यालयात धाव घेऊ नये.

प्रश्न : ‘चाळिशीतला’, ‘पन्नाशीकडे झुकलेला’ असे मोघम वय पोलिशमध्ये सांगता येते का? आणि लहान मुलांचे वय? (एक वाचक, बडोदे)

उत्तम सांगता येते, आणि येथे मराठी माणसाला फुकटची मदत मिळते. आपल्या तिशी, चाळिशी, पन्नाशीप्रमाणे पोलिशमध्ये ‘त्शिजेस्त्का’, ‘च्तेर्जेस्त्का’ अशी नामे आहेत आणि तीही आपल्यासारखीच स्त्रीलिंगी. ‘पो च्तेर्जेस्त्से’ म्हणजे चाळिशी ओलांडलेला, ‘प्शेत च्तेर्जेस्त्कों’ म्हणजे चाळिशीच्या आतला. फरक एवढाच की, आपली चाळिशी दहा वर्षांचा पट्टा आहे, त्यांची ‘च्तेर्जेस्त्का’ हा मैलाचा दगड आहे. त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असता येते, पण त्यात दहा वर्षे मुक्काम करता येत नाही. नुकतीच चाळीस पूर्ण झाली तर म्हणतात, ‘स्तुक्नेवा मी च्तेर्जेस्त्का’, म्हणजे चाळिशीने मला टकटक केले. आपल्याकडे चाळिशी डोळ्यांवर चढते, त्यांच्याकडे दारावर ठोठावते.

जुन्या वळणाचे लोक दशकाला ‘क्शिझिक’ म्हणजे ‘छोटा क्रूस’ म्हणतात, कारण रोमन आकड्यांतील दहाचे चिन्ह फुलीसारखे असते. ‘मानेवर सहावा क्रूस आहे’ असे कोणी म्हणाले तर धर्माचा विषय निघाला असे समजू नये. तरुण मंडळी याउलट वय सांगण्याऐवजी जन्मसाल सांगतात : ‘रोच्निक’ असे म्हणून पुढे सालाचे शेवटचे दोन अंक. आपण ‘शहाऐंशीची बॅच’ म्हणतो त्याच्या जवळचा हा प्रकार आहे.

तुलना करताना ‘मोठा’ या शब्दाने दगा देऊ नये म्हणून सांगतो. ‘भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे’ यातल्या ‘मोठा’चे भाषांतर आकाराच्या मोठेपणाने केले तर भाऊ धिप्पाड ठरेल. तेथे ‘स्तार्शी’च हवे : ‘ब्रात येस्त स्तार्शी ओदे म्न्ये ओ द्वा लाता’. यातला ‘ओ’ म्हणजे आपल्या ‘वर्षांनी’मधला ‘नी’. धाकट्यासाठी ‘म्वोत्शी’.

तान्ह्या मुलांचे वय महिन्यांत सांगतात आणि तेथेही तोच नियम : एक ‘म्येश्योंत्स’, दोन ते चार ‘म्येश्योंत्से’, पाचापासून ‘म्येश्येंत्सी’. सहा महिन्यांना ‘पुव रोकु’ आणि दीड वर्षाला ‘पुव्तोरा रोकु’. दीडसाठी पोलिशमध्येही आपल्यासारखाच स्वतंत्र शब्द आहे. अडीचसाठी नाही, तेथे ‘दोन आणि अर्धे’ म्हणावे लागते. मूल बोलते झाले की त्यालाच विचारावे, ‘इले माश लातेक?’ ‘लातेक’ हे ‘लात’चे लाडिक रूप. मूल बोटे दाखवून उत्तर देईल, आणि त्या बोटांना पोलिश माणूस अंगठ्यापासून मोजतो. म्हणजे अंगठा आणि तर्जनी वर असतील तर उत्तर ‘द्वा लाता’.